नामसंकेतन, संगणकीय

उच्चस्तरीय संगणकीय भाषेत लिहिलेल्या कार्यक्रमातील फंक्शन, चल इत्यादींच्या मूळ नावांना त्यांचा प्रकार, व्याप्ती व इतर गुणधर्म दर्शविणारी अक्षरे आणि अंक ठराविक नियमांनी जोडून, जोडणीच्या कामासाठी एकमेव अशी नावे तयार करण्याच्या कंपायलरच्या क्रियेस नामसंकेतन म्हणतात. इंग्रजीत या क्रियेला ‘नेम मँगलिंग’ म्हणजे नावाची मोडतोड असे काहीसे थट्टेचे नाव पडले आहे; मायक्रोसॉफ्ट या कंपनीच्या तांत्रिक लेखनात तिलाच नावाची ‘सजावट’ म्हटले जाते. दोन्ही संज्ञा नावाच्या बाह्य रूपावरून आलेल्या आहेत. संकेतनाचा खरा हेतू मात्र एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या भिन्न गोष्टी वेगळ्या ठेवणे आणि न जुळणाऱ्या गोष्टी चुकून एकत्र जोडल्या जाऊ न देणे, हा आहे.

गरज : मोठा कार्यक्रम सहसा अनेक फाइलींत विभागून लिहिला जातो. कंपायलर प्रत्येक फाइलीचे स्वतंत्रपणे यंत्रभाषेत रूपांतर करून ऑब्जेक्ट फाइल तयार करतो. एका फाइलीतील फंक्शनाला दुसऱ्या फाइलीतून हाक मारलेली असेल, तर रूपांतराच्या वेळी त्या फंक्शनाचा स्मृतीतील पत्ता कंपायलरला माहीत नसतो. म्हणून तो तेथे केवळ नाव नोंदवून जागा मोकळी ठेवतो. पुढे लिंकर हा कार्यक्रम सर्व ऑब्जेक्ट फाइलींतील नावांच्या सारण्या एकमेकींशी ताडून पाहतो आणि मोकळ्या जागांत योग्य पत्ते भरतो. लिंकरपुढे येणाऱ्या या नावांना चिन्हनामे म्हणतात.

लिंकरला मूळ भाषेचे ज्ञान नसते. फंक्शनाला किती मूल्ये पुरवायची, ती पूर्णांक आहेत की अपूर्णांक, फंक्शन कोणत्या वर्गाचे आहे, यांपैकी काहीही त्याला कळत नाही. दोन चिन्हनामे अक्षरशः सारखी असली की ती एकच, आणि एका अक्षराचा फरक असला की ती निराळी, एवढाच त्याचा न्याय असतो. त्यामुळे भाषेला जो भेद लिंकरपर्यंत पोहोचवावयाचा असेल, तो नावातच उतरवावा लागतो. नामसंकेतनाचे मूळ या एका मर्यादेत आहे.

प्रारंभीची रूपे : उपकार्यक्रमांचे स्वतंत्रपणे रूपांतर करून नंतर ते जोडण्याची सोय फोर्ट्रान भाषेच्या १९५८ मधील दुसऱ्या आवृत्तीत आली. त्या काळी नावे लहान असत. फोर्ट्रानमध्ये नावाला सहा अक्षरांची मर्यादा होती. सी भाषेच्या १९८९ च्या अमेरिकन प्रमाणकातही, फाइलीबाहेर दिसणाऱ्या नावांची पहिली सहा अक्षरेच वेगळी ओळखली जातील आणि लहानमोठ्या लिपीतील भेद पाळला जाईलच असे नाही, एवढीच हमी दिलेली होती. जुन्या लिंकरांच्या मर्यादांचा तो मान राखणे होते.

युनिक्स प्रणालीच्या पूर्वीच्या आवृत्त्यांत सी भाषेचा कंपायलर प्रत्येक नावामागे एक अधोरेखा जोडीत असे. त्यामुळे चिन्हांकन भाषेत लिहिलेल्या अंतर्गत उपकार्यक्रमांच्या नावांशी लेखकाच्या नावांचा संघर्ष होत नसे. युनिक्सवरील फोर्ट्रानचे कंपायलर नावे लहान लिपीत बदलून शेवटी अधोरेखा लावीत. सारणींचा गुणाकार करणारा, संख्यात्मक गणनेत सर्वत्र वापरला जाणारा ‘डीजीईएमएम’ हा उपकार्यक्रम सी भाषेतून वापरावयाचा झाल्यास त्याचे नाव लहान लिपीत, शेवटी अधोरेखेसह लिहावे लागे ते यामुळेच. काही फोर्ट्रान कंपायलर मूळ नावातच अधोरेखा असल्यास शेवटी दोन अधोरेखा जोडीत. परिणामी एका कंपायलरने तयार केलेले ग्रंथालय दुसऱ्याने तयार केलेल्या कार्यक्रमाशी जुळत नसे. फोर्ट्रानच्या २००३ च्या प्रमाणकात सी भाषेशी जोडावयाच्या नावाचे रूप लेखकालाच निश्चितपणे सांगता येईल अशी तरतूद झाली.

या रूपांमध्ये सर्व नावांना एकच ठराविक खूण लागत असे. नावागणिक वेगळी माहिती साठविणारे संकेतन पुढे सी++ भाषेबरोबर विकसित झाले.

सी++ भाषेतील विकास : अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधन संस्थेत ब्यार्ने स्ट्रॉउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये सी भाषेत वर्गाची कल्पना आणण्याचे काम हाती घेतले. या भाषेला १९८३ मध्ये सी++ हे नाव मिळाले. एकच नाव अनेक फंक्शनांना देण्याची मुभा, म्हणजे ओव्हरलोडिंग, हे या भाषेचे एक वैशिष्ट्य होय. दोन पूर्णांकांची बेरीज आणि दोन अपूर्णांकांची बेरीज करणाऱ्या फंक्शनांना ‘बेरीज’ हे एकच नाव देता येते. पुरविलेल्या मूल्यांच्या प्रकारावरून योग्य फंक्शन कंपायलर निवडतो. लिंकरला मात्र दोन्ही नावे एकच दिसली असती. नवी भाषा प्रस्थापित यंत्रणांवर चालावी अशी अपेक्षा असल्याने लिंकर बदलून घेणे शक्य नव्हते. म्हणून भेद नावातच लिहिण्याचा मार्ग स्वीकारण्यात आला.

१९८५ मध्ये उपलब्ध झालेला सीफ्रंट हा कंपायलर सी++ कार्यक्रमाचे सी भाषेत रूपांतर करीत असे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अनेक फंक्शनांना द्यावयाचे नाव तसे असल्याचे लेखकाला आधी जाहीर करावे लागे. त्या नावाच्या पहिल्या घोषित फंक्शनाचे मूळ नाव तसेच राही आणि केवळ पुढील फंक्शनांच्या नावांचे संकेतन होई. यात एक दोष होता : पहिले फंक्शन कोणते हे घोषणांच्या क्रमावर ठरत असल्याने दोन फाइलींत तो क्रम वेगळा असल्यास एकाच फंक्शनाला दोन नावे मिळत. १९८९ मधील दुसऱ्या आवृत्तीत ही घोषणा अनावश्यक ठरविण्यात आली आणि सर्वच फंक्शनांच्या नावांचे संकेतन होऊ लागले. नाव क्रमावर अवलंबून न राहता फंक्शनाच्या स्वरूपावरूनच ठरू लागले.

प्रकारसुरक्षित जोडणी : या बदलामागील विचार स्ट्रॉउस्ट्रुप यांनी १९८८ मध्ये मांडला होता. त्याचे महत्त्व एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. वर्गमूळ काढणारे फंक्शन अपूर्णांकाच्या स्वरूपातील संख्या घेते असे समजू. दुसऱ्या फाइलीच्या लेखकाने ते पूर्णांक घेते असे चुकून घोषित केले, तर सी भाषेत दोन्ही फाइलींचे रूपांतर बिनतक्रार होते. नाव एकच असल्याने लिंकरही ती जोडून देतो. कार्यक्रम चालतो, परंतु पूर्णांकाच्या ठिकाणी ठेवलेले अंक अपूर्णांकाचे समजून वाचले गेल्याने उत्तर चुकते. चूक कोठे झाली याचा काहीही मागमूस राहत नाही.

मूल्यांचे प्रकार नावात उतरविले म्हणजे हीच चूक जोडणीच्या वेळी उघड होते. घोषणेवरून तयार झालेले चिन्हनाम आणि प्रत्यक्ष फंक्शनाचे चिन्हनाम वेगळे पडते, हाक मारलेले नाव लिंकरला सापडत नाही आणि तो जोडणी नाकारतो. याला प्रकारसुरक्षित जोडणी म्हणतात. अशा रीतीने केवळ अक्षरे ताडून पाहणारा लिंकर, स्वतःला काही न कळताही, दोन फाइलींमधील कराराची तपासणी करू लागला.

संकेतनाची रीत : सध्या सर्वाधिक प्रचलित असलेली पद्धती इटॅनियम या नावाने ओळखली जाते. तिचे उदाहरण पुढे दिले आहे. मूळ पद्धतीतील रोमन अक्षरे येथे त्यांच्या देवनागरी उच्चारांनी लिहिली असून वाचनाच्या सोयीसाठी घटकांमध्ये अंतर सोडले आहे. प्रत्यक्ष चिन्हनाम सलग असते. सी++ मध्ये नावे देवनागरीत लिहिण्याचीही मुभा असल्याने ‘बेरीज’ हेच नाव उदाहरणासाठी घेता येते. दोन पूर्णांक घेणाऱ्या ‘बेरीज’ या फंक्शनाचे चिन्हनाम पुढीलप्रमाणे होते :

_झेड १५ बेरीज आय आय

आरंभीची अधोरेखा आणि मोठ्या लिपीतील झेड हे अक्षर नावाचे संकेतन झाले असल्याचे दर्शवितात. अधोरेखेनंतर मोठे रोमन अक्षर येणारी नावे भाषेच्या नियमाने कंपायलरसाठीच राखून ठेवलेली असल्यामुळे या खुणेची लेखकाच्या नावाशी गल्लत होत नाही. १५ हा अंक पुढील नावाची लांबी सांगतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्ण किंवा मात्रा तीन बाइट घेते. ‘बेरीज’ या शब्दात तीन वर्ण व दोन मात्रा मिळून पाच घटक असल्याने लांबी १५ बाइट होते. शेवटची दोन अक्षरे दोन पूर्णांक दर्शवितात. हेच फंक्शन दुप्पट अचूकतेच्या दोन अपूर्णांकांसाठी लिहिल्यास नाव ‘_झेड १५ बेरीज डी डी’ असे होते. अशा रीतीने एकाच शब्दापासून दोन भिन्न चिन्हनामे मिळतात.

लांबी आधी सांगण्याची युक्ती महत्त्वाची आहे. सीफ्रंटच्या पद्धतीत मूळ नाव आणि प्रकारांची अक्षरे यांमध्ये दोन अधोरेखा असत. लेखकाच्या नावातच दोन अधोरेखा आल्यास नाव कोठे संपते हे कळत नसे. सी++ मध्ये सलग दोन अधोरेखा असलेली नावे वापरण्यास लेखकाला आजही मनाई आहे. लांबी आधीच कळल्यास विभाजक चिन्हाची गरज उरत नाही.

फंक्शन एखाद्या नामावकाशात किंवा वर्गात असल्यास सर्व नावे बाहेरून आतल्या क्रमाने लिहून ती एन आणि ई या अक्षरांमध्ये बंदिस्त केली जातात. उदा., ‘गणित’ या नामावकाशातील ‘बेरीज’ या फंक्शनाचे रूप ‘_झेड एन १२ गणित १५ बेरीज ई आय आय’ असे होते. मूलभूत प्रकारांना एकेक अक्षर दिलेले आहे : अक्षरचिन्हाला सी, सत्यासत्य मूल्याला बी, रिक्त प्रकाराला व्ही. संयुक्त प्रकार त्यांच्यापासून रचले जातात. पी म्हणजे दर्शक, के म्हणजे अपरिवर्तनीय; त्यामुळे ‘पी के सी’ याचा अर्थ अपरिवर्तनीय अक्षरचिन्हाकडे निर्देश करणारा दर्शक असा होतो. अधिक, उणे यांसारख्या क्रियाचिन्हांनाही दोन अक्षरी संकेत आहेत.

लेखकाने एकदाच लिहिलेल्या रचनाफंक्शनाची एकाहून अधिक रूपे कंपायलर तयार करू शकतो. संपूर्ण वस्तू रचण्यासाठी एक आणि वारसा घेतलेल्या वर्गाचा भाग म्हणून रचण्यासाठी दुसरे, अशी ही रूपे असून त्यांना सी१ आणि सी२ या संकेतांनी वेगळे केले जाते. साच्यापासून बनलेल्या फंक्शनांच्या नावात त्या साच्यात भरलेले सर्व प्रकारही येतात. साच्यात साचा गुंफला गेल्यास नाव फार लांबते. म्हणून एकदा आलेला घटक पुन्हा आल्यास त्याच्या जागी एस या अक्षराने सुरू होणारा संक्षिप्त संकेत वापरतात. तरीही काही ग्रंथालयांत हजारो अक्षरांची चिन्हनामे आढळतात.

पद्धतींतील भिन्नता : सी++ च्या प्रमाणकाने नामसंकेतनाची रीत कधीच ठरवून दिलेली नाही. त्यामुळे प्रत्येक कंपायलरने आपापली पद्धती वापरली. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत नावाचा आरंभ प्रश्नचिन्हाने होतो. फंक्शनाने परत द्यावयाच्या मूल्याचा प्रकार, हाक मारण्याची पद्धती आणि वर्गातील फंक्शन खाजगी आहे की सार्वजनिक, याही गोष्टी तिच्यात नोंदविल्या जातात. इटॅनियम पद्धतीत साध्या फंक्शनाच्या परतमूल्याचा प्रकार नोंदविला जात नाही.

या भिन्नतेमुळे निरनिराळ्या कंपायलरांनी तयार केलेल्या फाइली एकत्र जोडता येत नाहीत, ही वापरणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. तथापि मार्गारेट एलिस आणि स्ट्रॉउस्ट्रुप यांच्या १९९० मधील टीपायुक्त संदर्भग्रंथात या भिन्नतेचे समर्थन केलेले आढळते. वस्तूंची स्मृतीतील मांडणी, मूल्ये पुरविण्याची पद्धती व अपवादांची हाताळणी ही कंपायलरागणिक वेगळी असतात. नावे तेवढी सारखी केली, तर फाइली जोडल्या जातील, पण कार्यक्रम चालताना बिघडेल. नावे वेगळी असल्यास जोडणीच होत नाही. जोडणीच्या वेळी मिळणारा नकार हा चालताना होणाऱ्या बिघाडापेक्षा नेहमीच परवडतो, असा हा युक्तिवाद आहे.

म्हणून एकवाक्यता साधावयाची तर ती केवळ नावांपुरती असून भागत नाही. यंत्रपातळीवरील सर्व संकेत एकत्र ठरवावे लागतात. इंटेलच्या इटॅनियम या प्रक्रियकासाठी अनेक कंपन्यांनी मिळून असा संकेतसंच विसाव्या शतकाच्या अखेरीस तयार केला. २००१ मध्ये जीसीसी या मुक्त कंपायलरच्या तिसऱ्या आवृत्तीने तो इतर प्रक्रियकांसाठीही स्वीकारला आणि पुढे क्लँगनेही तोच अवलंबिला. इटॅनियम प्रक्रियकाचा पुरवठा २०२१ मध्ये थांबला. त्याच्यासाठी केलेले नामसंकेतन मात्र लिनक्स आणि मॅकओएस या प्रणालींवर सर्वत्र चालू आहे.

संकेतन एकदा रूढ झाले की ते बदलणे कठीण जाते, कारण आधी तयार झालेली ग्रंथालये जुन्याच नावांवर विसंबलेली असतात. याचे उदाहरण २०१५ मधील जीसीसीच्या पाचव्या आवृत्तीत दिसते. सी++ च्या २०११ च्या प्रमाणकामुळे अक्षरमाला साठविणाऱ्या ‘स्ट्रिंग’ या वर्गाची अंतर्गत रचना बदलणे भाग पडले. जुन्या व नव्या रचनांची सरमिसळ होऊ नये म्हणून नवा वर्ग एका वेगळ्या अंतर्गत नामावकाशात ठेवण्यात आला. हा वर्ग प्राचल म्हणून घेणाऱ्या फंक्शनांच्या नावांत त्यामुळे आपोआप फरक पडला. जी फंक्शने हा वर्ग केवळ परत देतात, त्यांच्या नावांत मात्र काहीच बदल झाला नसता. त्यांच्यासाठी नावाला जोडावयाची एक स्वतंत्र खूण वापरावी लागली.

सी भाषेशी जोडणी : सी भाषेत ओव्हरलोडिंग नसल्याने तिच्या नावांचे असे संकेतन होत नाही. सी++ मधून सी चे फंक्शन वापरताना कंपायलरने त्याचे नाव बदलले, तर लिंकरला ते सापडत नाही. यासाठी ‘या घोषणा सी भाषेच्या आहेत’ असे कंपायलरला सांगण्याची सोय सीफ्रंटच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. ती वापरल्यास नाव मूळ रूपात राहते; मात्र त्या नावाची दोन फंक्शने अशा प्रकारे जाहीर करता येत नाहीत आणि प्रकारांची तपासणीही नाहीशी होते. निरनिराळ्या भाषा एकमेकींशी जोडताना सी ची साधी नावे हाच समाईक दुवा ठरला असल्याने ही किंमत बहुतेक वेळा मोजावी लागते. ३२-बिट विंडोज प्रणालीत सी च्या नावांनाही काही ठिकाणी खुणा लागतात : एका हाकपद्धतीत नावापुढे ‘ॲट’ हे चिन्ह व पुरविलेल्या मूल्यांची बाइटसंख्या येते. दोन पूर्णांक घेणाऱ्या फंक्शनाच्या बाबतीत ही संख्या ८ असते.

इतर भाषा : जावा भाषेतून सी किंवा सी++ मध्ये लिहिलेले फंक्शन वापरण्यासाठी त्याच्या नावात ‘जावा’ हा उपसर्ग, वर्गाचे पूर्ण नाव आणि पद्धतीचे नाव अधोरेखांनी जोडलेले असावे लागते. मूळ नावातील अधोरेखा तेथे अधोरेखा व १ या जोडीने दाखवितात. देवनागरीसारख्या लिप्यांतील वर्णासाठी अधोरेखा, शून्य आणि त्या वर्णाचा युनिकोडमधील चार अंकी षोडशमान क्रमांक लिहितात. स्विफ्ट भाषेचे संकेतन २०१९ मधील पाचव्या आवृत्तीबरोबर ॲपलच्या प्रणालींवर स्थिर करण्यात आले.

रस्ट भाषेच्या पूर्वीच्या पद्धतीत इटॅनियमसारख्या नावाच्या शेवटी १६ षोडशमान अंकांचे संक्षेपमूल्य जोडीत. त्यामुळे नाव एकमेव होई, परंतु संक्षेपमूल्यावरून मूळ प्रकार परत मिळविता येत नसत. २०१९ मध्ये मान्य झालेल्या नव्या पद्धतीत ते नावात स्पष्टपणे लिहिले जातात आणि रोमनेतर लिप्यांतील नावे प्यूनिकोड या पद्धतीने रोमन अक्षरांत उतरविली जातात. पायथन भाषेत दोन अधोरेखांनी सुरू होणाऱ्या वर्गांतर्गत नावापुढे वर्गाचे नाव जोडतात. त्यालाही इंग्रजीत हीच संज्ञा असली, तरी त्याचा लिंकरशी संबंध नाही.

उलट संकेतन : संकेतित नावे माणसाला वाचण्यास अवघड असतात. जोडणीतील दोष, कार्यक्रमाच्या बिघाडाची नोंद किंवा वेगाचे मापन यांत ती जशीच्या तशी आल्यास अर्थबोध होत नाही. म्हणून त्यांवरून मूळ घोषणा पुन्हा तयार करणारी साधने उपलब्ध आहेत. ‘सी++ फिल्ट’ हे त्यांपैकी एक असून इटॅनियम संकेतसंचात यासाठी एक फंक्शनही नेमून दिलेले आहे. या गुणाची दुसरी बाजू अशी, की चिन्हनामे काढून न टाकता वितरित केलेल्या कार्यक्रमातून त्याची अंतर्गत रचना इतरांना बरीचशी कळू शकते.

मर्यादा : नामसंकेतनाने मिळणारी सुरक्षितता नावात जेवढे लिहिले असेल तेवढ्यापुरतीच असते. इटॅनियम पद्धतीत जागतिक चलाचा प्रकार नावात येत नाही. एका फाइलीत पूर्णांक व दुसरीत अपूर्णांक म्हणून घोषित केलेला चल लिंकर विनातक्रार जोडतो. वर्गाचे नाव चिन्हनामात येते, पण त्याची रचना येत नाही. दोन फाइलींनी एकाच वर्गाच्या वेगवेगळ्या व्याख्या वापरल्या, एकीत एखादा घटक अधिक असला, तरी चिन्हनामे जुळतात आणि वर्गमूळाच्या उदाहरणातील दोष दुसऱ्या रूपाने परत येतो. सर्व फाइलींची जोडणीच्या वेळी एकत्र तपासणी करणारे कंपायलर अशी विसंगती काही वेळा दाखवून देतात. अन्यथा सर्व फाइलींनी एकच घोषणाफाइल वापरणे आणि तिच्यात बदल झाल्यावर संबंधित सर्व फाइलींचे पुन्हा रूपांतर करणे, ही दक्षता लेखकालाच घ्यावी लागते.